हाडांच्या वेगानं

पळायला सुरुवात करणं सोपं असतं. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

आपल्याकडे पळण्याचे मुहूर्त ठरलेले आहेत. एक जानेवारी. वाढदिवसानंतरचा सोमवार. रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडल्याची दुसरी सकाळ. मुहूर्त कोणताही असो, पहिल्या दिवशी माणूस गरजेपेक्षा जास्त पळतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. पळण्यात ते चारच भरतात. पाचव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि नवे बूट स्टँडच्या मागच्या रांगेत जाऊन बसतात.

लोक याला आळस म्हणतात. मला हा उत्साहाचा अपघात वाटतो. आळशी माणूस मुळात घराबाहेरच पडलेला नसतो.

*

शरीर एका वेळी सगळं शिकत नाही.

मन एका रात्रीत तयार होतं. रक्ताला आठवडा-दोन आठवडे लागतात: त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, आणि परवा ज्या चढावर थांबावं लागलं होतं तो आज बोलत बोलत पार होतो. स्नायूंचं काम त्यामागून चालतं. अमेरिकेत संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना तीन महिने ट्रेडमिलवर पळवलं आणि 1967 साली दाखवून दिलं की सरावानं स्नायूंच्या पेशींमधली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणखी मागे राहतात. आणि सगळ्यांत शेवटी येतं हाड.

हाड जिवंत असतं, याचा आपल्याला विसर पडतो. त्याच्यावर जसा भार पडेल तशी ते आपली घडण बदलतं, असं जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. पण या बदलाची रीत उफराटी आहे. जुनं हाड आधी पोखरून काढलं जातं, मग त्या जागी नवं भरलं जातं. एक फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने जातात. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षाही थोडी कच्ची असते.

घात इथे होतो. दुसऱ्या महिन्यात छाती म्हणते, आणखी दोन किलोमीटर सहज जमतील. छाती खोटं बोलत नसते. पण नडगीला कुणी विचारलेलं नसतं. प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, आणि एका किलोमीटरला अशी हजारावर पावलं पडतात. मग एका सकाळी मोजे काढताना नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला की बोटभर लांबीचा पट्टा ठणकतो. पट्टा दुखत असेल तर पाय विश्रांती मागतोय. दुखणं एकाच टिंबावर बोट ठेवून दाखवता येत असेल, तर डॉक्टर गाठावा.

शरीरातल्या सर्वांत सावकाश शिकणाऱ्या भागासाठी बाकीच्यांनी थांबणं, यालाच मी सातत्य म्हणतो.

*

उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग. उतावळ्या पळणाऱ्याच्या गुडघ्याला नीकॅप.

*

सावकाश पळण्याची लाज वाटते. बागेतल्या ट्रॅकवर बाकावर कुणी बसलेलं दिसलं की नवशिक्याचा वेग आपोआप वाढतो, बाक मागे पडला की कमी होतो. त्या बाकावरच्या माणसानं मान वर करून पाहिलेलंही नसतं.

ऑकलंडमध्ये आर्थर लिडियर्ड नावाचा माणूस होता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि आसपासच्या पोरांना पळायला शिकवायचा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग, एकाच दिवशी सुवर्णपदकं घेऊन आले. पण त्याचं मोठं काम मला वेगळंच वाटतं. चॅम्पियन घडवताना हाती आलेली गोष्ट त्यानं पोट सुटलेल्या, हृदयविकारातून उठलेल्या मध्यमवयीन माणसांना सांगितली: धाप लागू न देता पळा, शेजाऱ्याशी बोलता येईल इतकंच पळा, पण पळत राहा. 1962 साली तिथे जॉगर्सचा क्लब निघाला.

त्याच सुमारास अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले. पन्नाशीचे होते, स्वतःला धडधाकट समजत होते. रविवारी सकाळी क्लबबरोबर पळायला निघाले आणि टेकडीवर मागे पडले. त्यांना सोबत करायला मागे थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके सोसलेला एक म्हातारा. तो गप्पा मारत होता. बॉवरमन यांना उत्तर द्यायला दम उरला नव्हता.

दोघांतला फरक ताकदीचा नव्हता. म्हातारा रोजच्यासारखा आला होता, बॉवरमन त्या दिवसापुरते आले होते.

पाहुण्यानं मात्र अपमान गिळून धडा घेतला. मायदेशी परतून सामान्य लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग काढले, आणि 1967 मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेला पळायला लावणाऱ्या या माणसाला ती बुद्धी एका म्हाताऱ्याच्या मागे धापा टाकताना झाली.

*

पळता पळता बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग आपला नाही, उसना आहे. उसनं कधी ना कधी फेडावं लागतं.

*

अमेरिकेत जॉश क्लार्क या तरुणानं 1996 मध्ये कधीच न पळालेल्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. पहिल्या आठवड्यात 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे दिवसाकाठी पळणं जेमतेम आठ मिनिटं.

आठ मिनिटं ऐकून नवशिक्या हसतो. एवढ्यासाठी बूट घालायचे?

हो, बूट घालण्यासाठीच. पहिल्या महिन्यात पाय तयार होत नसतात, वेळ तयार होत असते. साडेपाचला उठण्याची, पाण्याचे दोन घोट घेण्याची, झोपलेल्या घराची कडी आवाज न करता काढण्याची. आठ मिनिटांचं पळणं ही त्या वेळेची राखण असते. एकदा वेळ आपली झाली की तिच्यात चाळीस मिनिटंही मावतात.

*

रविवारी एकदम नऊ किलोमीटर, किंवा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तीन-तीन. वहीत बेरीज एकच येते. पायांत येत नाही.

*

सवय एकवीस दिवसांत लागते, असं सगळीकडे सांगितलं जातं. लंडनमध्ये झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 96 जणांनी आपापली एक नवी सवय निवडून बारा आठवडे नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाचं काम 18 दिवसांत झालं, कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. पेलाभर पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती जास्त कामाची आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे सातत्य म्हणजे अखंड साखळी, हा समज सोडला पाहिजे. साखळी मानणारा माणूस एक कडी तुटली की उरलेल्या सगळ्या फेकून देतो. लग्नसराई आहे, पोराची परीक्षा आहे, रात्रपाळी आहे, सर्दी-ताप आहे, दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाचं दुःख करू नये. त्याची भरपाई तर मुळीच करू नये. काल पळालो नाही म्हणून आज दुप्पट पळणारा कालच्या विश्रांतीचा फायदाही घालवतो आणि उद्याचं पळणंही.

चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस तेवढा सांभाळावा.

*

मोठा खंड मात्र शरीराच्या लक्षात राहतो. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षानुवर्षं सराव केलेल्या सात खेळाडूंना 84 दिवस सराव बंद ठेवायला लावला. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत 7 टक्के घसरली, आठ आठवड्यांत 16 टक्के. पुढे घसरण थांबली. ती थांबली, कारण खाली वर्षांची कमाई होती. ज्याची कमाई दीड महिन्याची, त्याची घसरण लवकरच मूळ जागी जाऊन टेकते.

म्हणून खंडानंतर नवशिक्यानं जिथे सोडलं तिथून सुरू करू नये. दोन पावलं मागून सुरू करावं. आठवण आणि अंग यांत अंग खरं धरावं.

*

पहाटे महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यानं जा. अंधारात पोरं पळताना दिसतात. एकाच्या हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्याच्या बुटाचा तळ दोऱ्यानं शिवलेला. ही पोलीस भरतीची तयारी असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्यांच्या भाषेत या सगळ्याला एकच नाव: ग्राउंड.

ग्राउंडवर सोळाशे म्हणजे चार फेऱ्या. पहिल्या फेरीत सगळेच वाघ असतात. दुसरीत रांग लांबते. तिसऱ्या फेरीत, जिथे सुरुवातीचा जोश संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो, तिथे कुणाचा हात कुशीवर जातो, कुणाचं तोंड उघडतं, कुणाची मान मागे कलते. सोळाशेचा निकाल तिथेच लागतो. आणि तिसरी फेरी त्या सकाळी तयार करता येत नाही. ती मागच्या पावसाळ्यात, कुणी पाहत नसताना केलेली असावी लागते.

या पोरांची पंचाईत अशी की परीक्षेची तारीख त्यांच्या हातात नसते. जागा निघतात, पुढे ढकलल्या जातात, अडकतात. जाहिरात आल्यावर पळायला लागणारे खूप असतात. त्यांच्यातले काही जण नडग्यांवर पट्ट्या बांधून ग्राउंडवर येतात. तारखेची वाट न पाहता पळत राहिलेला मात्र तारीख कधीही पडली तरी तयारच असतो. आपल्यापैकी बहुतेकांना कुणी तारीख देत नाही. या पोरांकडून तेवढं शिकण्यासारखं आहे.

*

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे. तिथल्या अविनाश साबळे यांच्या घरापासून शाळा सहा किलोमीटर. कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर सैन्य. 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, ते वळले 2017 च्या सुमारास.

2018 मध्ये भुवनेश्वरला त्यांनी 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा 1981 पासून टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम मोडत गेले: पतियाळा, दोहा, टोकियो, रबात. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला 8:11.20, रौप्यपदक, सुवर्ण हुकलं सेकंदाच्या पाच शतांश भागानं. 2024 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91.

आता वजाबाकी करा. जवळपास सहा वर्षं, आणि वीस सेकंदांनाही थोडं कमी.

वीस सेकंदांत आपण बुटाची नाडीही धड बांधत नाही. आणि आपल्याला सहा आठवड्यांत पंधरा मिनिटं कमी करायची असतात.

*

सातत्य हा माणसाचा गुण मानतात. तो घराचाही असतो.

घरातला पुरुष पहाटे पळायला जातो, कारण दूध तापवणारं, डबा भरणारं, पोराच्या शाळेच्या रिक्षाकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी मागे असतं. त्या कुणाला पळायला जायचं असेल तर? ती रोज पाचलाच उठते. वर्षानुवर्षं, सणावारी, तापातही. तिला सातत्य शिकवायला जाऊ नये. तिला पाऊण तास हवा आहे, आणि दिवे लागलेला रस्ता. कोपऱ्यावरची कुत्री, मागून सावकाश येणारी मोटारसायकल, अंधारात बंद पडलेले चार खांब, यांचाही तिच्या सरावाशी संबंध आहे.

बायको पळायला लागली आणि महिन्याभरात थांबली, तर तिच्या जिद्दीचा हिशेब मांडण्याआधी चहा कुणी केला हे पाहावं.

*

नियम हवेत, पण त्यांच्यावर श्रद्धा नको. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये, हा पळणाऱ्यांमधला आवडता नियम. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्यांवर त्याची परीक्षा झाली. निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. टक्के मोजून सावकाश वाढवणारे आणि नेहमीच्या कार्यक्रमानं पळणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली.

याचा अर्थ कसंही वाढवा असा नाही. याचा अर्थ, आकडा पाळला म्हणून पायाचं न ऐकायची सूट मिळत नाही.

*

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. नाव नोंदवायची घाई त्याच्या कितीतरी महिने आधी. मधे गणपती, नवरात्र, दिवाळी. आणि मग डिसेंबर. डिसेंबरात शहरातल्या बागा अचानक भरतात. दिवाळीपर्यंत पाच किलोमीटरवर असलेला माणूस नाताळापर्यंत अठरावर जातो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ उभा असतो. तो फराळही ओळखतो आणि डिसेंबरही.

शर्यत सरावाचं कारण म्हणून चांगली असते. सरावाचं कर्ज फेडायची जागा म्हणून वाईट.

*

पदक गळ्यात घालून फोटो काढावा. ग्रुपवर टाकावा. पन्नास अंगठे यावेत. त्यात काही वाईट नाही. फक्त सोमवारी त्या पदकाला काही विचारू नये. मंगळवारी पळायला जायचं का, हे त्याला माहीत नसतं.

*

थांबणं हा सरावाचाच भाग आहे, हे सगळे म्हणतात आणि फार थोडे थांबतात. शरीर पळताना मोडतं, झोपेत घडतं. पाच तास झोपून पहाटे पळणारा खोदकाम रोज करतो आणि भराव टाकायला वेळ देत नाही.

दिवसाचं पळणं कुठे थांबवावं, याची एक साधी खूण आहे. आणखी थोडं पळावंसं वाटत असताना थांबावं. ती उरलेली इच्छा परवाच्या पहाटे कामाला येते. सगळी इच्छा आजच खर्च केलेल्याला परवा फक्त निश्चय उरतो, आणि निश्चयाला पहाटे लवकर जाग येत नाही.

*

कंटाळा येईल. तिसऱ्या महिन्यात तर नक्की. धाप गेलेली असते, दुखणं गेलेलं असतं, वजनाचा काटा हलायचा थांबलेला असतो, कौतुक करणाऱ्यांनी विषय बदललेला असतो. तोच रस्ता, तीच वळणं, तोच दूधवाला. सांगण्यासारखं काहीच घडत नाही.

आत मात्र नेमकं तेव्हाच हाड भरत असतं. कंटाळ्याचे हे महिने ज्यानं काढले त्याच्यावर पुढच्या वर्षी जास्त अंतर टाकता येतं. ज्यानं ते टाळले, नवा बूट घेतला, नवं ॲप उतरवलं, नवा कार्यक्रम धरला, त्याचा पहिला महिना दर तीन महिन्यांनी येत राहतो. अशा माणसांना पहिल्या महिन्याचा अनुभव दांडगा असतो.

*

लोक विचारतात, पहिल्या वर्षी ध्येय काय ठेवू? पाच किलोमीटर अर्ध्या तासात? दहा? हाफ मॅरेथॉन?

पहिल्या वर्षाचं ध्येय एकच असावं: दुसऱ्या वर्षी पळत असणं.